जेवणाआधीचे स्टार्टर्स: सोपे, देखणे आणि वेळेत होणारे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जेवायला लोकांना बोलावलं की मुख्य पदार्थांचा बेत बहुतेकांचा चटकन ठरतो. अडतं ते स्टार्टर्सपाशी. गेली बरीच वर्षं मी घरी सहा ते बारा जणांसाठी स्वयंपाक करते आहे. मैत्रिणी, भाचरं, शेजारी पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे उत्तरांसह मांडलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे कारण समजल्याशिवाय कृती हाती लागत नाही.

स्टार्टर्स मुळात हवेतच कशाला?

दोन कामांसाठी. एक, भूक चाळवायला. दुसरं, तुम्हाला वेळ मिळवून द्यायला. सगळे पाहुणे एकाच मिनिटाला येत नाहीत. पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्धा तास सहज जातो आणि त्या अर्ध्या तासात लवकर आलेल्यांच्या हातात काहीतरी हवं.

इटालियन ‘अँतिपास्तो’ या शब्दाचा अर्थ ‘जेवणाआधीचं’ आणि फ्रेंच ‘ऑर द’व्र’चा ‘मुख्य कामाच्या बाहेरचं’. नावातच मर्यादा सांगून ठेवली आहे. स्टार्टर खाऊन पाहुणा ‘मला आता थोडंच वाढा’ म्हणाला, तर तो पदार्थ कितीही चविष्ट असो, निवड चुकली. आंबट, खारट आणि किंचित कडवट चवी भूक वाढवतात. गोड आणि जड, चिजाळ पदार्थ ती मारतात. लिंबू, ऑलिव्ह, टोमॅटो, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या भाज्या, कोवळी कडवट पानं या गोष्टी जगभर जेवणाच्या सुरुवातीला येतात, त्या उगाच नव्हे.

सोपंही हवं आणि छापही पडली पाहिजे. दोन्ही एकत्र जमतं का?

जमतं, आणि माझ्या मते याला एकच रस्ता आहे. पदार्थ असा निवडायचा की पाहुण्यांनी घंटा वाजवण्याआधी त्याचं सगळं काम संपलेलं असेल, फक्त शेवटचा एक हात बाकी असेल. त्या शेवटच्या हाताने पदार्थात ताजेपणा, कुरकुरीतपणा किंवा ऊब, यांपैकी एक गोष्ट यायला हवी.

उदाहरण घ्या. आदल्या दिवशी केलेलं हमस, म्हणजे काबुली चणे आणि तिळाच्या पेस्टचं डिप, फ्रीजमधून काढून त्याच डब्यात पुढे ठेवलं तर ते उरलेलं अन्न वाटतं. तेच हमस पसरट थाळीत पसरा, चमच्याच्या पाठीने मध्ये गोल खळगा करा, त्यात ऑलिव्ह तेल सोडा, तव्यावर नुकतेच कुरकुरीत परतलेले मूठभर काबुली चणे वर टाका आणि चिरलेली पार्सली पेरा. दोन मिनिटांचं काम. पण आता खाणाऱ्याला एकाच घासात गार आणि गरम, मऊ आणि कुरकुरीत, स्निग्ध आणि आंबट असं सगळं मिळतं. जिभेला हा विरोध आवडतो. लोक ज्याला ‘हॉटेलसारखं’ म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं. अवघड कृतीशी त्याचा फारसा संबंध नाही.

एकदा आठ जणांसाठी मी गरमागरम तळून द्यायचं ठरवलं होतं. चाळीस मिनिटं मी कढईपाशी उभी आणि गप्पा पलीकडच्या खोलीत. शेवटचा घाणा निघाला तेव्हा पहिल्यांदा खाल्लेल्यांना पुन्हा भूक लागली होती. पदार्थ उत्तम झाला होता, पण ज्या माणसांना मी भेटायला बोलावलं होतं त्यांना मी भेटलेच नाही. तेव्हापासून कृती वाचताना मी सर्वांत आधी एकच पाहते: पाहुणे आल्यावर यात माझे हात किती वेळ अडकणार?

किती प्रकार करावेत आणि माणशी किती?

पुढे पूर्ण जेवण असेल तर दोन प्रकार, फार तर तीन. माणशी एकूण चार ते सहा छोटे घास पुरतात. जेवण उशिरा असेल, म्हणजे तासाभराहून जास्त गप्पा चालणार असतील, तर आठ घासांपर्यंत जा. जेवण नसून फक्त खाणं आणि पेयं असतील तर माणशी दहा-बारा घास धरा आणि प्रकारही पाच-सहा करा.

डिप माणशी तीन-चार टेबलस्पून धरावं. सूप बसून प्यायचं असेल तर माणशी २०० मिली, छोट्या पेल्यात उभ्याने प्यायचं असेल तर १०० मिलीसुद्धा पुरे.

पाच प्रकार करण्याचा मोह होतो, मला माहीत आहे. पण पाच मध्यम पदार्थांपेक्षा दोन नेटके पदार्थ लोकांच्या लक्षात राहतात.

मुख्य जेवणाशी मेळ कसा घालायचा?

आधी मुख्य पदार्थ ठरवा, मग मागे या. मुख्य पदार्थ क्रीम-चीजचा, भरभक्कम असेल तर सुरुवात आंबट-हलकी हवी: भाजलेल्या बीटचं सॅलड, गार टोमॅटोचं सूप, लिंबू लावलेली काकडी. मुख्य पदार्थ साधा आणि हलका असेल, उदाहरणार्थ नुसते भाजलेले मासे किंवा भाज्यांचं स्ट्यू, तर सुरुवातीला पफ पेस्ट्री किंवा भरलेले मशरूम चालतात.

एकच घटक दोनदा येऊ देऊ नका. पुढे पास्ता असेल तर आधी पावावरचा पदार्थ नको, पुढे टोमॅटोची ग्रेव्ही असेल तर आधी टोमॅटो नको. घाईत हे हमखास निसटतं, म्हणून बेत कागदावर लिहून बघावा.

उभ्याने खायचं की टेबलावर बसून?

उभ्याने खायचं असेल तर नियम कडक: एका घासात किंवा दोन घासांत संपणारं, एका हाताने उचलता येणारं, रस न गळणारं. पाहुण्याच्या एका हातात ग्लास असतो हे विसरू नये. कापायला सुरी लागली की तो पदार्थ उभ्याने खाण्याचा राहिला नाही.

फ्रेंचमधल्या ‘कॅनापे’ या शब्दाचा मूळ अर्थ सोफा. पावाच्या कुरकुरीत तुकड्यावर टॉपिंग ऐटीत बसलेलं असतं म्हणून हे नाव. सोफा मजबूत हवा आणि बसणारा आटोपशीर, एवढं लक्षात ठेवलं तरी कॅनापे चुकत नाही.

बसून खायचं असेल तर मात्र पानभर सॅलड, सूप, सुरी-काट्याचे पदार्थ सगळं मोकळं. बसून खाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ताटल्या आधीच मांडून ठेवता येतात.

आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?

पुष्कळ. खरं तर या पानावरचं सर्वांत उपयोगी उत्तर हेच असावं.

दोन-तीन दिवस आधी: पावाचे पातळ काप तेल लावून भाजून हवाबंद डब्यात ठेवता येतात, ते कुरकुरीतच राहतात. कांदा मंद आचेवर तपकिरी, गोडसर होईपर्यंत परतून ठेवता येतो. याला ४०-४५ मिनिटं लागतातच. दहा मिनिटांत होतो असं सांगणाऱ्या कृतीवर विश्वास ठेवू नका, तेवढ्यात तो फक्त मऊ होतो. हा कांदा फ्रीजमध्ये चार दिवस चांगला टिकतो आणि पेस्ट्रीवर, पावावर, चीजसोबत कुठेही शोभतो.

आदल्या दिवशी: हमस, भाजलेल्या वांग्याचं डिप, तापेनाद (ऑलिव्ह वाटून केलेलं डिप), सूप, सॅलडचं ड्रेसिंग, उकडलेली अंडी (सोललेली, पण न भरलेली). यातली डिप्स आणि सूप मुरल्यावर जास्त छान लागतात. बीटही याच दिवशी भाजावं: फॉइलमध्ये गुंडाळून २०० अंश सेल्सिअसवर मध्यम आकाराचं बीट ४५ ते ६० मिनिटांत होतं. सुरी सहज आत गेली की झालं. कोमट असताना साल बोटांनी सुटून येते.

लाल सिमला मिरची थेट आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजून, बाऊलमध्ये १५ मिनिटं झाकून ठेवली की वाफेने साल सुटते. पाण्याखाली धरून सोलू नका, भाजल्याचा सगळा धुरकट वास पाण्याबरोबर जातो. अशा मिरच्या, फेटा चीज आणि घट्ट चक्का मिक्सरमधून फिरवला तर दहा मिनिटांत गुलाबी-नारिंगी डिप तयार. २०० ग्रॅम फेट्याला १०० ग्रॅम चक्का आणि दोन मिरच्या. फेटा खारट असतो, मीठ घालण्याआधी चव घ्या.

त्याच दिवशी, ऐनवेळी: चिरलेली ताजी पानं, टोमॅटो पावावर मांडणं, सॅलडवर ड्रेसिंग घालणं, कुरकुरीत काही वर पेरणं. पानांना ड्रेसिंग लावलं की मीठ आणि आम्ल त्यांतलं पाणी ओढतात आणि ती मलूल होतात. ते शेवटच्या पाच मिनिटांतच.

ब्रुस्केत्ता (भाजलेल्या पावावर टोमॅटो) केला की पाव भिजून मऊ पडतो. काय चुकतं?

बहुधा टोमॅटो निथळलेला नसतो. टोमॅटो बारीक चिरून, बिया काढून, मीठ लावून चाळणीत १५-२० मिनिटं ठेवा. खाली जो पाण्यासारखा रस जमतो तोच पाव भिजवतो. रस टाकू नका, सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये उत्तम लागतो.

पावाचा काप साधारण १ सेंटिमीटर जाड हवा. दोन्ही बाजूंना ऑलिव्ह तेल लावून १८० अंशांवर सुमारे दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तेलाचा थर ओलावा आत शिरायला वेळ लावतो. भाजल्या भाजल्या लसणाची सोललेली पाकळी पावावर घासली की खरखरीत पृष्ठभागावर ती किसली जाते, पुरेसा स्वाद येतो आणि कच्च्या लसणाचा तुकडा कुणाच्या दाताखाली येत नाही. मग टोमॅटो, बेझिलची पानं हाताने तोडून, आणि लगेच पुढे.

उभ्या पार्टीत मी आता टोमॅटो आणि पाव वेगवेगळे ठेवते. ज्याला जसा हवा तसा त्याने घ्यावा. भिजण्याचा प्रश्नच मिटतो.

घरचं हमस बाहेरच्यासारखं गुळगुळीत होत नाही.

चणे पुरेसे शिजलेले नसतात. डाळीसारखे बोटांत विरघळायला हवेत, नुसते मऊ असून भागत नाही. रात्रभर भिजवलेल्या २५० ग्रॅम चण्यांना शिजवताना अर्धा चमचा खायचा सोडा घाला. पाणी अल्कधर्मी झालं की सालीतलं पेक्टिन लवकर सुटतं आणि सालं जवळजवळ विरतात.

दुसरी गोष्ट क्रम. आधी तहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, लिंबाचा रस आणि मीठ एकत्र फिरवा. ते दाटून गोळा होईल, घाबरू नका. त्यात बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत फिरवत राहा, मिश्रण फिकट आणि हलकं होईल. मग चणे कोमट असतानाच घाला आणि चार-पाच मिनिटं थांबून थांबून फिरवा. कोमट चणे गार चण्यांपेक्षा कितीतरी गुळगुळीत वाटले जातात. डब्यातले चणे वापरणार असाल तर तेही सोडा घालून वीसेक मिनिटं उकळून घ्या, फरक लगेच कळतो.

पफ पेस्ट्री फुगत नाही, तेलकट होते.

पेस्ट्री गरम झाली होती. पफ पेस्ट्री म्हणजे कणकेचे आणि लोण्याचे एकावर एक शेकडो पापुद्रे. पारंपरिक पद्धतीने तीन घड्या सहा वेळा घातल्या की ७२९ थर होतात. ओव्हनच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि ती प्रत्येक थर वर उचलते. पण लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळलं तर ते कणकेत मुरतं, थर उरतच नाहीत.

म्हणून: फ्रीझरमधली पेस्ट्री फ्रीजमध्येच वितळू द्या, ओट्यावर नको. कापून, भरून झाल्यावर ट्रेसकट २० मिनिटं पुन्हा फ्रीजमध्ये. ओव्हन आधीपासून २०० अंशांवर तापलेला. धारदार सुरीने सरळ दाबून कापा, करवतीसारखं मागेपुढे केलं तर कडा चिकटतात. अंड्याचा किंवा दुधाचा हात फक्त वरच्या बाजूला, कडेवरून ओघळला तर तोही थर चिकटवतो.

सर्वांत सोपा प्रकार चीजच्या पिळदार काड्या: पेस्ट्रीवर किसलेलं कडक चीज आणि मिरपूड पेरायची, लाटण्याने हलकं दाबायचं, पट्ट्या कापून पीळ द्यायचा, १२ ते १५ मिनिटं भाजायच्या. कच्च्या काड्या फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतात आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये जातात, दोन-तीन मिनिटं जास्त लागतील एवढंच. अचानक माणसं आली तर माझा पहिला आधार याच काड्या. उंच ग्लासात उभ्या ठेवल्या की टेबलाची शोभाही होते.

भरलेल्या मशरूमना पाणी सुटतं.

सुटणारच, मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. देठ काढून टोप्या उपड्या ठेवा आणि २०० अंशांवर दहा मिनिटं रिकाम्याच भाजा. जमलेलं पाणी पुसून मग भरा. देठ बारीक चिरून लसूण, पावाचा चुरा आणि चीजसोबत सारणात वापरा. हे सगळं सकाळी करून ठेवा, संध्याकाळी फक्त १२ मिनिटं ओव्हन.

अंड्याच्या बलकाभोवती करडी-हिरवी कड का येते?

जास्त शिजल्याने. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचा संयोग होतो. खायला धोका काहीच नाही, पण भरलेल्या अंड्यांचं रूप जातं. उकळत्या पाण्यात अंडी सोडा, ११ मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. गार पाण्यापासून सुरुवात करण्यापेक्षा उकळत्या पाण्यात सोडलेली अंडी सोलायलाही सोपी जातात. अगदी ताजी अंडी मात्र सोलताना त्रास देतात, आठवडाभर आधी आणलेली बरी.

भरलेल्या अंड्यांसाठी सहा अंड्यांच्या बलकाला तीन टेबलस्पून मेयोनेज, एक चमचा मोहरीची पेस्ट, थोडा लिंबाचा रस. बलक चाळणीतून घासून घेतला की मिश्रण मखमली होतं.

सूप स्टार्टर म्हणून चालतं का? जरा साधं वाटतं.

मला तर ते सर्वांत भारदस्त वाटतं. आदल्या दिवशी होतं, नीट गरम होतं, आणि वरून घातलेल्या एका गोष्टीने त्याचं रूप पालटतं: भोपळ्याच्या सुपावर भाजलेल्या बिया आणि सेजची सुवासिक पानं घातलेलं लोणी, वाटाण्याच्या सुपावर पुदिना आणि चक्क्याचा ठिपका, मशरूमच्या सुपावर तेलात कुरकुरीत केलेले दोन काप.

गार सूप करणार असाल, उदाहरणार्थ स्पेनमधल्या आंदालुसियाचा गाझ्पाचो (कच्च्या टोमॅटोचं सूप), तर किमान चार तास गार होऊ द्या आणि चव पुन्हा बघा. गार पदार्थात मीठ कमी जाणवतं. खोलीच्या तापमानाला बरोबर लागलेलं सूप फ्रीजमधून निघाल्यावर अळणी वाटतं. हाच नियम सगळ्या गार पदार्थांना.

वाट्या किंवा पेलेही गार करून ठेवा, गरम सुपासाठी गरम पाण्याने विसळून घ्या.

नुसता चीज बोर्ड मांडला तर?

कष्ट काहीच नाहीत हे खरं, पण जेवणाआधी तो पोट भरतो. मांडायचाच असेल तर माणशी ३०-४० ग्रॅम चीज पुरे. तीन प्रकार: एक मऊ, एक कडक, एक निळं किंवा बकरीच्या दुधाचं. सोबत काहीतरी आंबट हवंच: व्हिनेगरमधल्या काकड्या, हिरवी सफरचंदं, द्राक्षं. अर्धा ते एक तास आधी फ्रीजमधून बाहेर काढा, गार चीजला वास आणि चव दोन्ही दबलेली असतात. नट्स वेगळ्या वाटीत ठेवा, कारण पुढच्या प्रश्नात येईल.

कुणाला अ‍ॅलर्जी आहे, कुणी शाकाहारी, कुणी ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) खात नाही. सगळ्यांना पुरेल असं काय?

आमंत्रण देतानाच विचारा. ‘काय चालत नाही?’ असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात. जेवणाच्या टेबलावर विचारलं तर संकोचतात आणि उपाशी राहतात. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. एखाद्याला खाता येण्याजोगं ताटात काही नसणं फार एकटं पाडणारं असतं.

अ‍ॅलर्जीचे नेहमीचे घटक: दूध, अंडी, शेंगदाणे, झाडावर येणारे नट्स, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव आणि तीळ. तीळ विसरला जातो, पण हमसमधली तहिनी म्हणजे तीळच. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख अ‍ॅलर्जीच्या मुख्य घटकांमध्ये करावा लागतो.

लपलेल्या गोष्टींकडे लक्ष द्या. पारंपरिक पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या घटकाने, बनतं, त्यामुळे ते काटेकोर शाकाहारी माणसाला चालत नाही. वूस्टरशर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही मासे असतात. तापेनादच्या मूळ कृतीतही ऑलिव्ह आणि केपर्स (खारवलेल्या कळ्या) यांच्यासोबत अँचोव्ही आहेत. ते वगळूनही ती छान होते, वगळले आहेत हे मात्र सांगावं. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. तयार स्टॉकचं पाकीट वाचल्याशिवाय सुपात घालू नका.

सीलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या माणसासाठी पावाचा चुरासुद्धा त्रासाचा. त्यांचा डिपचा बाऊल वेगळा, चमचा वेगळा, आणि त्यांचं काही आपल्या नेहमीच्या टोस्टरमध्ये भाजायचं नाही.

गर्भवती पाहुणी असेल तर ब्रीसारखी मऊ बुरशीची चीज, न शिजवलेला स्मोक्ड मासा आणि कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनेज तिच्यापुढे ठेवू नका, पहिल्या दोन्हींत लिस्टेरिया आणि तिसऱ्यात साल्मोनेला या आजार करणाऱ्या जिवाणूंचा धोका असतो.

सगळ्यांना चालणारं एकच ताट हवं असेल तर: भाजलेल्या वांग्याचं किंवा पांढऱ्या बीन्सचं डिप (तहिनीशिवाय), कच्च्या भाज्यांच्या काड्या, भाजलेल्या मिरच्या, ऑलिव्ह. यात दूध, अंडं, गहू, नट्स काहीच नाही आणि रंगांमुळे ते पथ्याचं ताट वाटत नाही. मी हे ताट हल्ली प्रत्येक वेळी करते, कुणी काही सांगितलेलं नसलं तरी.

अ‍ॅव्होकाडो आणि सफरचंद काळं पडू नये म्हणून?

चिरल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते तपकिरी होतात. लिंबाचा रस हे लांबवतो, थांबवत नाही. ग्वाकामोले (अॅव्होकाडोचं डिप) करून ठेवायचंच असेल तर प्लास्टिकची फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवून हवा काढून टाका. तरीही ते त्याच दिवशीचं काम, आदल्या दिवशीचं नव्हे.

तळलेलं अजिबातच नको का?

तुमच्यासोबत स्वयंपाकघरात आणखी एक जण असेल तर करा. एकट्याने नको. तेल १७५ ते १८० अंशांवर राखावं लागतं. एकदम जास्त तुकडे टाकले की तापमान पडतं आणि पदार्थ तेल पितो, म्हणून घाणे लहान ठेवावे लागतात आणि वेळ वाढतो. तळून झाल्यावर झाकू नका, वाफेने मऊ पडतं. जाळीवर ठेवा.

ओव्हन मुख्य पदार्थाने अडवलेला असतो.

मग एक स्टार्टर गार आणि एक खोलीच्या तापमानाचा निवडा. काकडीच्या जाड कापांवर चक्का आणि स्मोक्ड मासा, कलिंगड-फेटा-पुदिन्याच्या काड्या, बीट-संत्रं-अक्रोडाचं सॅलड, यांतल्या कशालाही त्या दिवशी आच लागत नाही. कलिंगडाच्या काड्या अर्ध्या तासाहून आधी ओवू नका, फेट्याच्या मिठाने कलिंगड पाणी सोडतं.

किती वेळ बाहेर ठेवलेलं चालतं?

दोन तास. खोली ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि वासावरून ते कळत नाही. म्हणून मोठं ताट एकदम भरू नका. अर्धं मांडा, अर्धं फ्रीजमध्ये. संपलं की नवं ताट आणा, जुन्यावर नवं ओतू नका. दुसऱ्यांदा आलेलं ताजं ताट दिसायलाही छान वाटतं.

तेलात बुडवलेला कच्चा लसूण हा वेगळा धोका आहे. हवा न लागता खोलीच्या तापमानाला राहिला तर त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं. लसणाचं तेल त्या दिवशी लागेल तेवढंच करा.

लहान मुलं असतील तर?

द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चार भागांत चिरा. पाच वर्षांखालच्यांना अख्खे नट्स नकोत. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. टूथपिक काढून द्या.

सजावट जमत नाही.

मोठी थाळी घ्या आणि तिचा तिसरा भाग रिकामा सोडा. गच्च भरलेली थाळी जेवणासारखी दिसते, मोकळी थाळी निगुतीने मांडल्यासारखी. रंग तीनच. वर जे पेराल ते पदार्थात असलेलंच हवं: पुदिना आत असेल तर पुदिना वर. खाता न येणारं काही ताटात नको. सपाट पांढऱ्या डिपवर तेलाची धार, लाल मिरचीची पूड आणि हिरवी पानं, एवढ्याने काम होतं.

एखादा ठरलेला बेत सांगा ना.

आठ जणांसाठी माझा नेहमीचा: हमस वर सांगितल्यासारखं, सोबत भाज्यांच्या काड्या आणि भाजलेला पाव, आणि चीजच्या पिळदार काड्या. शनिवारी जेवण असेल तर बुधवारी काड्या करून फ्रीझरमध्ये. गुरुवारी पावाचे काप भाजून डब्यात. शुक्रवारी हमस. शनिवारी दुपारी भाज्या चिरून ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये. पाहुणे यायच्या तासभर आधी हमस बाहेर, वीस मिनिटं आधी काड्या ओव्हनमध्ये, घंटा वाजायच्या सुमारास चणे तव्यावर. घरात शिरणाऱ्याला भाजल्या चीजचा वास येतो आणि मी दार उघडायला मोकळी असते.

पाहुणे ऐनवेळी वाढले तर?

डिप वाढत नाही, पण सोबतचं वाढतं. आणखी पाव भाजा, गाजर-काकडी चिरा, ऑलिव्हची बरणी उघडा. पांढऱ्या बीन्सचा डबा घरात असेल तर लिंबू, लसूण आणि ऑलिव्ह तेलासोबत मिक्सरमधून फिरवून पाच मिनिटांत दुसरं डिप होतं. मोजून केलेले घास असतील, उदाहरणार्थ भरलेली अंडी, तर ते ताट जेवायच्या टेबलावर सॅलडसोबत न्या. कोण किती घेतं याचा हिशेब तिथे कुणी ठेवत नाही.

उरलं तर?

जे बाहेर दोन तासांहून कमी राहिलं तेवढंच ठेवा. हमस पातळ करून सॅलडचं ड्रेसिंग होतं, भाजलेल्या मिरच्या आणि तपकिरी कांदा दुसऱ्या दिवशी ऑम्लेटमध्ये, पावाचे काप चुरून सुपावर. मऊ पडलेल्या पेस्ट्रीच्या काड्या १८० अंशांवर चार-पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. टोमॅटो लावलेला पाव मात्र त्याच रात्री संपवा.